वेशीवरचा पहारेकरी

माझ्या दादाला बोलता येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा समज वेगळा आहे आणि तो दूर करता करता माझं तोंड दुखायला लागलंय. डोक्यात एक बारीकशी गुठळी अडकली, काही दिवस तो इस्पितळात राहिला, उजवा हात जरा मंद झाला, चालणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं. राहिलं ते शब्दांचं. त्याला सगळं समजतं, वाचता येतं, हसूही योग्य जागी येतं. फक्त बोलायला गेला की शब्द दाराशी येऊन अडतात आणि मग एकेक करून, आपल्या सवडीने बाहेर पडतात. आमचं दुकान कुलपं आणि किल्ल्यांचं, त्यामुळे यावर जो काही विनोद करता येईल तो लोकांनी करून झालाय. मी करणार नाही.

दुकान बाबांनी काढलं आणि आम्हा दोघांच्या गळ्यात घातलं. दादा काउंटरवर बसायचा आणि मी फळ्यांच्या आडोशामागे, किल्ल्या कापायच्या मशीनवर. ही वाटणी कुणी ठरवून केली नव्हती, स्वभावानेच झाली. दादाला माणसं आवडतात. गिऱ्हाइकाने किल्ली हातात द्यायच्या आधी तो त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करणार, मुलाच्या परीक्षेची करणार, आणि बोलता बोलता त्याला पटवून देणार की तुम्हाला नवं कुलूप लागतच नाही, दोन थेंब तेल सोडा. मला पितळ आवडतं, कारण ते उलट बोलत नाही. माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणायची, आणि नाक आखूड असल्यामुळे तो सारखा घसरतो असं दादा म्हणायचा. मी लग्न केलं नाही, त्याचंही बरंचसं कारण तेच. ज्यांनी विचारलं होतं ते आज सुखात असतील.

दादा आजारी पडल्यावर काउंटरवर मी आले आणि धंदा बसायला लागला. एकाने किल्ली महाग आहे म्हटलं, तर मी त्याला म्हटलं, मग दार उघडंच ठेवा, फुकट पडेल. एक बाई सारख्या झाली का, झाली का विचारत होत्या, त्यांना मी मशीनवर बसून स्वतःच कापायला सांगितलं. शेवटी वहिनी म्हणाली, अगं, तू लोकांना किल्ल्या देतेस की दम देतेस? वहिनीचं दुखणं आणखी वेगळं होतं. दादा दिवसभर घरात, आणि ती कांदा कसा चिरते ते बघत बसायचा. तिला काही म्हणता येईना आणि त्याला काही म्हणता येईना, अशी दोघांची गत झाली होती.

म्हणून मी तोडगा काढला. समोरच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सगळे रेडिओकाका म्हणतात, कारण ते बंद होत नाहीत. माणूस सज्जन आहे, घरी कंटाळलेला आहे, कुणाशीही कितीही वेळ बोलायला तयार आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून तुम्ही आमच्या काउंटरवर बसा, असं मी त्यांच्याशी ठरवलं. दादाने घरी आराम करावा. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला पेला खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी."

मला कळलं. काउंटर माझं आहे, तिथे मी बसणार, दुसऱ्या कुणाला बसवू नकोस, एवढं सगळं त्या एका अक्षरात होतं आणि मला ते सगळं कळलं. पण न कळल्यासारखं करून मी म्हटलं, हो हो, तू आराम कर. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. गिऱ्हाईक थांबत नाही. दादाचा शब्द बाहेर येईपर्यंत ते पुढच्या चौकातल्या दुकानात पोचलेलं असणार, आणि जाताना ते जसं तोंड करून जाईल ते दादाने बघू नये असं मला वाटत होतं.

त्याच आठवड्यात भाची आली. भाची म्हणजे दादाची मुलगी. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते. लहान असताना तिला झोपवायला मी आणि दादा आमच्या जुन्या खेळांच्या गोष्टी सांगायचो, कारण दुसऱ्या गोष्टी आम्हाला फारशा येत नव्हत्या. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला, एक खूण दाबली आणि म्हणाली, आत्या, हे ओळखीचं वाटतंय का बघ.

पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा किल्ला उभा राहिला आणि ती टिंगटिंग सुरावट सुरू झाली. मी कधी काळी ती झोपेतही गुणगुणायचे. दादा खुर्चीतून पुढे सरकला.

त्याचं असं आहे की आमच्या विशीत बाबांनी दुकानाच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर घेतला होता. हिशेब त्यावर कधी झाला नाही. बाबा त्याला हात लावायला घाबरत आणि आम्ही दुपारी शटर अर्धं ओढून त्यावर खेळत बसायचो. दोन खेळ होते. एकात चौघांची टोळी घेऊन गावोगाव हिंडायचं, गुहेत शिरायचं, राक्षस मारायचे आणि शेवटी डोंगरावरच्या अजगराशी गाठ. दुसऱ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं असलेला नकाशा, त्यावर एकाने आपली खेळी करायची, गावं वसवायची, सैन्य हलवायचं, मग दुसऱ्याने. तेव्हा त्यांना कुणी जुने खेळ म्हणत नसे. ते नवे होते आणि आम्हीही नवे होतो.

आम्ही पहिला खेळ सुरू केला. भाचीने विचारलं, टोळीत कोण कोण? पूर्वीचीच, असं मी सांगितलं. लढवय्यी मी, मांत्रिक दादा, वैद्य आई आणि चोराला आमच्या एका मामाचं टोपणनाव. मामाला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

या खेळात गावातल्या कुठल्याही माणसावर क्लिक केलं की तो बोलतो. कामाचं बोलणारे एखाद-दुसरेच असतात. बाकीच्यांना आपलं काही तरी सांगायचं असतं, विहिरीचं पाणी खारट झालंय, शेळी हरवलीय, जावई उद्धट आहे. मला अजगराकडे जायची घाई असायची आणि दादाचा पाय गावातून निघायचा नाही. त्या म्हातारीशी बोलायचं राहिलं, असं तो म्हणायचा. मी विचारायचे, तिच्याकडे काय मिळणार आहे? तो म्हणायचा, विचारल्याशिवाय कसं कळेल? अशाने आम्ही अजगरापर्यंत पोचायचो तेव्हा अजगर म्हातारा झालेला असायचा, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे.

आताही तो तसाच दारोदार हिंडायला लागला. गावकरी बोलला की पडद्यावर खाली तीन उत्तरं उमटायची, एक, दोन, तीन, आणि आपण आकडा दाबायचा. दादा डाव्या हाताच्या बोटाने पटापट आकडे दाबत होता. एका व्यापाऱ्याशी त्याने घासाघीस केली, एका घमेंडखोर जादूगाराचा पाणउतारा केला, एका विधवेची समजूत काढली. दुखण्यानंतर पहिल्यांदाच मी त्याला चटकन उत्तर देताना बघत होते. वाक्यं तयार होती, त्याने फक्त निवडायचं होतं. जादूगाराची फजिती झाली तेव्हा तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि वहिनी ओल्या हातांनी बघायला बाहेर आली.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक कल्पना आली. माझ्या कल्पनांपासून शहाण्या माणसाने चार हात लांब राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "एक, चहा. दोन, कॉफी. तीन, काही नको." त्याने हसून दोन बोटं दाखवली. मला आकाश ठेंगणं झालं. मग काय, एक निळा शर्ट, दोन पांढरा. एक फिरायला, दोन पेपर, तीन झोप. वहिनीलाही हे पटलं आणि घर कसं तेल घातल्यासारखं चालायला लागलं. बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई येतात, त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं की थांबा, त्यांचा शब्द त्यांना शोधू द्या. मी मनात म्हटलं, बाईंचं काय जातंय, त्या तासाभराने आपल्या घरी जातात. भाची लॅपटॉप दादासाठी ठेवून परत गेली, तोपर्यंत दादा माझ्याकडे न बघताच बोटं दाखवायला लागला होता. मला वाटलं, चला, सवय झाली.

रविवारी दुपारी आम्ही दुसरा खेळ लावला, नकाशाचा. यात एकच लॅपटॉप आणि खेळणारे दोघं, त्यामुळे एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचं, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. शत्रूचे बेत बघायचे नाहीत. खेळी संपली की ज्याची त्याने संपल्याचं बटण दाबायचं. तोपर्यंत यंत्र ढिम्म हलत नाही.

माझी खेळी म्हणजे दोन तलवारी पुढे, तीन घोडे पुढे, खलास. दादाची खेळी म्हणजे मी खिडकीतून समोरच्या शिंप्याला एक आख्खी बाही शिवून होईपर्यंत बघत होते. मध्येच विचारलं, झालं का? उत्तर नाही. झोप लागली की काय म्हणून मान वळवणार होते, पण नियम तो नियम. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शिंप्याने दुसरी बाही घेतली.

संध्याकाळी मला कळलं की मी उत्तरेला घोडे नाचवत होते तेव्हा याने दक्षिणेकडून नदी धरून, एकेक घर पुढे सरकत, माझी राजधानी तिन्ही बाजूंनी वेढली होती. मला पळायला समुद्राशिवाय जागा नव्हती आणि जहाजं मी बांधली नव्हती. मी हरले. हरल्यावर कसं वागावं हे मला कधीच समजलेलं नाही, म्हणून मी खुर्ची जोरात सरकवून वर माझ्या खोलीत निघून गेले. जिन्यात मात्र मला फार बरं वाटत होतं. दादाच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि अजूनही आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

त्यामुळेच मी त्याला काउंटरवर एक संधी द्यायचं ठरवलं. बघा मी कशी होते, संधी मी देणार होते. सोमवारी रेडिओकाका येणार, त्याच्या आधीच्या शनिवारी दादाने बसून बघावं. जमलं तर काकांना नाही म्हणायचं. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की वहिनी तोंड फिरवून भांडी आवरायला लागली. पण मी म्हणजे मी. त्याला असंच कसं बसू द्यायचं? मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत तीन वाक्यं लिहिली आणि ती आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतली. एक, किल्ली दाखवा. दोन, जरा बसा, लगेच होईल. तीन, बहिणीला विचारून सांगतो. म्हणून म्हणून ती त्याच्या जिभेवर बसली आणि शुक्रवारपर्यंत तो ती जवळजवळ अडखळल्याशिवाय म्हणायला लागला. पुठ्ठा मी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला.

शनिवारी तो पांढरा शर्ट घालून बसला. गिऱ्हाइकं आली, त्याने वाक्यं म्हटली, किल्ल्या आत आल्या, मी कापल्या, बाहेर गेल्या. कुठे काही अडलं नाही. आत मशीनवर बसून मी खूश होते.

दुपारी चष्मेवाला आला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि गेली कित्येक वर्षं तो रोज एकदा तरी दादाशी गप्पा मारायला यायचा. किल्लीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दादाला जागेवर बघून तो उजळला, म्हणाला, वा, आलात का, कसं वाटतंय आता? मी फळीच्या फटीतून बघत होते. दादा काही तरी बोलायला गेला, ओठ हलले, शब्द आला नाही, आणि मग त्या घोकलेल्या वाक्यांतलं एक आपलं आपण बाहेर पडलं.

"जरा बसा, लगेच होईल."

चष्मेवाला क्षणभर थांबला. मग आपण लहान मुलाकडे बघून हसतो तसं हसला, काउंटरवर हलकेच थोपटलं आणि निघून गेला. खोटं कशाला बोलू, आत मला हसू आलं होतं. वाटलं, रात्री जेवताना वहिनीला सांगू.

संध्याकाळी मी घरी गेले ती विजयी मुद्रेने. सोमवारी काकांना कसं नाही म्हणायचं याची वाक्यं जुळवत होते. दादा लॅपटॉपसमोर होता. मी वहिनीला दिवसाचा वृत्तांत दिला, बघ म्हटलं, कसं जमवलं आम्ही. दादा वळला नाही. त्याने गावोगाव हिंडायचा तो पहिला खेळ लावला होता आणि टोळी एका गावाच्या वेशीवर उभी होती. तिथे एक पहारेकरी असतो. लोखंडी टोपी, हातात भाला. त्याच्यावर क्लिक केलं की तो म्हणतो, "गाव सरळ पुढे आहे. जंगलात जाऊ नका." अजगर मारून परत या, तरी तो हेच म्हणतो.

दादाने क्लिक केलं. गाव सरळ पुढे आहे. जंगलात जाऊ नका. पुन्हा क्लिक केलं. गाव सरळ पुढे आहे. पुन्हा. मी म्हटलं, अरे, याच्याकडे काही नाही, पुढे चल. तो क्लिक करतच राहिला. मग त्याने पडद्यावरच्या त्या टोपीवाल्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"हा… मी," तो म्हणाला.

वहिनी दाराशीच थांबली. गावातल्या प्रत्येक म्हातारीपाशी थांबणारा माझा भाऊ, त्याला मी तीन वाक्यं देऊन वेशीवर उभा केला होता आणि वर त्याचं कौतुक सांगत होते. मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आलाच. मी म्हटलं, मग मी करू तरी काय? तूच सांग. लोक थांबत नाहीत रे. तुझा शब्द येईपर्यंत कोण उभं राहणार आहे?

त्याचे ओठ हलले. मी सवयीने सुरुवात केली, "एक—" आणि त्याने हात वर केला. मी तोंड मिटलं. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, त्याचं पीं पीं सुरू झालं आणि संपलं. वहिनीने ओला हात पदराला पुसला. मला एवढा वेळ गप्प राहिलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं असणार.

"लोक… नाही," दादा म्हणाला. "तू… थांबत… नाहीस."

तो रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. किल्लीला कुठे दात कमी आहे हे गिऱ्हाइकाला दाखवावं तितक्या साधेपणाने त्याने ते सांगितलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले. त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि टोळी गावात घेऊन जायला खुणावलं. त्या संध्याकाळी आम्ही एकही राक्षस मारला नाही. नुसते दारोदार जाऊन आलो, आणि त्या म्हातारीची शेळी तळ्याकाठी होती हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

सोमवारी दुकान उघडल्यावर मी पहिल्यांदा पुठ्ठा काढून फाडला. दादा काउंटरवर बसला. काकांना नाही म्हणायचं मात्र राहून गेलं होतं, कारण रविवारभर मला तोंडच नव्हतं. ते ठरल्याप्रमाणे आले, बसायला स्वतःची उशी घेऊन आले. दादाच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी आम्हाला कुलपांचा इतिहास सांगितला. मी आत जाऊ की बाहेर राहू ते न कळून फळीपाशी उभी होते.

तेवढ्यात एक नर्स आली. अंगावर गणवेश, चेहऱ्यावर रात्रपाळीचा थकवा. तिला घरी जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, असा तिचा सगळा आविर्भाव होता. तिच्या दाराच्या कुलपात किल्ली जाते पण फिरत नाही, काल अर्धा तास ती बाहेर उभी होती, आता नवंच कुलूप द्या आणि लवकर द्या. दादाने किल्ली हातात घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली, दातांवरून अंगठा फिरवला.

"दा…" तो म्हणाला.

"दाखवतो म्हणताहेत," काकांनी लगेच सांगितलं. "नवीन कुलपं दाखवतो म्हणताहेत. आता त्यात असं आहे बघा, साधं हवं की—"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पांढरे केस, मनाने चांगला माणूस, दादाच्या तोंडातला शब्द काढून घेऊन त्याच्याच भल्यासाठी पुढे धावणारा. मी स्वतःला इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "थांबा. दादाचं बोलणं चाललंय."

माझा आवाज काही मुद्दाम चढवलेला नव्हता, तो असतोच तसा. काका गप्प झाले. नर्सने एकदा माझ्याकडे आणि एकदा दादाकडे बघितलं आणि खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली. मला वाटत होतं ती आता घड्याळ बघेल. तिने बघितलं नाही.

"दार…" दादा म्हणाला. "उचलून… किल्ली… फिरवली?"

"म्हणजे?" तिने विचारलं.

म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सगळं वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं, आणि मी दोन्ही हातांनी फळी धरून उभी राहिले. दादा उठला. काउंटरची उचलायची फळी असते, ती त्याने डाव्या हाताने जरा वर उचलून धरली, मग सोडली. ती खाली बसली. पुन्हा वर उचलली. तिच्याकडे बघितलं.

"बिजागरी… सैल. दार… खाली… बसतं. कुलूप…" इथे तो बराच अडला. आम्ही चौघं त्या एका शब्दासाठी थांबलो होतो आणि बाहेर रस्ता आपला चालू होता. "कुलूप… चांगलं."

नर्सच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. खरंच की, ती म्हणाली, मी खांद्याने दाबते तेव्हा उघडतं कधी कधी. दादाने मान डोलावली, खणातून दोन लांब स्क्रू काढून तिच्या हातावर ठेवले आणि बिजागरीतले जुने काढून हे घालायचे, हे हातानेच करून दाखवलं. काका पुटपुटले की असा धंदा केलात तर कुलपं कुणाला विकणार. आमच्या दुकानात हे वाक्य बाबाही म्हणायचे.

नर्स जायला निघाली नाही. तिने दादाच्या चेहऱ्याकडे, उजव्या हाताकडे नीट बघितलं आणि तिच्या कामातला प्रश्न सरळ विचारला, कधी झालं हे? तिने मला विचारलं नाही, त्याला विचारलं. दादाने घसा साफ केला. ही गोष्ट मोठी होती, तिला वेळ लागणार होता, आणि त्याला ती सगळी सांगायची होती, हे त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं. सुरू करण्याआधी तो माझ्याकडे वळला.

"तू… आत… जा," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "बाहेर… मी… आहे."

मी काकांना त्यांची उशी हातात दिली, त्यांना घेऊन आत आले आणि त्यांच्यासाठी मशीनजवळ स्टूल मांडलं. कापायच्या किल्ल्या समोर पडल्या होत्या. मशीन मात्र मी लगेच सुरू केलं नाही, कारण त्या आवाजात दादाचं बोलणं ऐकू आलं नसतं.